रांजणातला मुक्काम

त्याला सगळे डेरेदार म्हणत. धंद्यानं कुंभार, आणि अंगानं असा, की तो चाकापाशी बसलाय की चाक त्याच्या मांडीवर बसलंय हे लांबून सांगता येत नसे. जेवायला बसला की बायको आधी पातेलं त्याच्यापासून लांब सरकवायची आणि मग वाढायची. एकदा तिचं लक्ष नव्हतं, तर त्यानं बोलता बोलता पातेलं तर संपवलंच, वर झाकणाकडेही आशेनं पाहिलं.

जेवणाखालोखाल त्याला वेड होतं देवाचं. म्हणजे तो फार पूजाअर्चा करणारा नव्हता. पण काहीही अडलं की तो हात झटकून वर बघायचा आणि म्हणायचा, त्याला माहीत आहे, त्याची वेळ झाली की करेल. छप्पर गळायला लागलं तेव्हा तो असाच वर बघत बसला, आणि नेमकं डोळ्यांत पाणी पडलं. भट्टीची भिंत ढासळली तेव्हाही त्याचं हेच. बायको अंगानं सडसडीत, पण जीभ अशी, की कच्च्या मातीवर फिरवली असती तर नक्षी उठली असती. ती म्हणायची, देव बघतो हे मलाही मान्य आहे, पण तो बघतो आणि शिडीवर चढते मी.

या दोघांना एकुलती एक लेक. आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला कौलांचा कारखाना. कौलवाल्याला एकुलता एक मुलगा. पुढचं सांगायलाच नको. दोघांनी परस्पर ठरवून टाकलं, दोन्ही आयांनी ते आधीच ओळखलेलं होतं, डेरेदारानं वर बघून मान डोलावली. अडला तो कौलवाला.

कौलवाल्याचं म्हणणं असं, की माती माती म्हणून एक होत नाही. कौलं लोकांच्या डोक्यावर असतात आणि मडकी पायाशी. पायाशी बसणाऱ्यांच्या घरची सून डोक्यावरच्यांनी कशी करायची? मुलानं हे ऐकून एका वेळचं जेवण सोडलं. त्या घरात असा प्रकार कधी घडला नव्हता, त्यामुळे कौलवाला हबकला. सरळ नाही म्हणायची सोय उरली नाही आणि हो म्हणायची तर इच्छाच नव्हती. मग त्यानं डोकं चालवलं आणि निरोप धाडला: माझ्या खांद्यावर माझा मुलगा उभा राहिला तर जेवढी उंची होईल, तेवढा उंच रांजण करा. एकसंध, बिनसांध्याचा, बिनभेगेचा, पक्का भाजलेला. महिनाअखेर माझ्या अंगणात उभा करा, दुसऱ्या दिवशी लग्न लावतो. नाही जमलं तर विषय संपला.

असा रांजण कुणी पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. ज्यानं त्यानं येऊन डेरेदाराला सांगितलं, की बाबा रे, ही नाही म्हणायची लांबलचक पद्धत आहे. लेकीनं मात्र ते नुसतं ऐकून घेतलं. ती अंगणात गेली आणि पायानं माती तुडवायला लागली. एकटीच, खाली मान घालून. ते पाहिल्यावर डेरेदार परसात जाऊन उभा राहिला आणि वर बघून म्हणाला, "नाही म्हणायचं असेल तर आत्ताच सांग." वरून काही उत्तर आलं नाही. तो त्यानं होकार धरला.

एवढा रांजण काही चाकावर होत नाही. तो उभा करावा लागतो: मातीची जाड वळकटी वळायची, वर चढवायची, थोपटायची, की पुढची वळकटी. थोपटायला दोन माणसं लागतात. एक आतून गोल दगड लावून धरतो, दुसरा बाहेरून लाकडी थापी मारतो. दगड आणि थापी बरोबर समोरासमोर आली तर भिंत पोलादासारखी होते, चुकली तर खड्डा. आत डेरेदार, बाहेर बायको. भिंत कमरेच्या वर गेली तशी ती शिडीवर चढली, तो तिवईवर. दोघं एकमेकांना दिसेनासे झाले. पण संसार इतका जुना, की तिची थापी कुठं पडणार ते त्याला तिच्या बोलण्यावरून कळायचं. आणि बोलायची तर ती सारखीच.

विषय एकच. देव वेळेवर येतो की नाही.

ती म्हणाली, छप्पर गळलं तेव्हा आला होता का? थाप. तो म्हणाला, तू चढलीस ना, तुला ताकद कुणी दिली? थाप. ती म्हणाली, ताकद माझ्या आईनं दिली, तूप घालून घालून. थाप, थाप. तो म्हणाला, आणि तुझी आई कुणी दिली? यावर ती जी पेटली ती पेटलीच. आईपर्यंत गेलेलं भांडण लवकर आवरत नाही. ती आपल्या माहेरची एकेक पिढी पुढं आणत होती, तो त्या प्रत्येक पिढीच्या मागं देव उभा करत होता, आणि हात दोघांचेही चालूच होते. भांडण रंगलं की त्यांचं काम नेहमीच सुरेख व्हायचं. भिंत चढली, खांदा आला, खांद्यावरून रांजण आत वळला, निमुळता झाला. सवयीनं दोघांनी त्याला छानसा बेतशीर गळा काढला, वर काठही दुमडला.

मग बायको दम खायला थांबली. तिनं शिडीवरून गळ्यात डोकावून पाहिलं. आतून नवरा वर बघत होता.



"अहो," ती म्हणाली, "तुम्ही बाहेर कसे येणार?"

डेरेदारानं गळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. गळ्यातून त्याचं डोकं आलं असतं, मान आली असती, फार तर एक खांदा. बाकीच्या डेरेदाराला वर्षभर तरी आतच राहावं लागलं असतं. एरवी गळा करायची वेळ आली की तो बाहेर यायचा, वरून वाकून काम करायचा. पण या वेळी तिच्या पणजीचा विषय निघाला होता.

आता कुणी म्हणेल, गळा कापायचा, बाहेर यायचं आणि परत चिकटवायचा. कापता आला असता. पण तो पार खांद्यापासून कापावा लागणार. वरून हात तिथवर पोहोचत नाही, सांधायला आतून दगड धरणारा लागतो, आणि तो तर बाहेर आलेला. नुसता बाहेरून सांधलेला काठ भट्टीत ताडकन उडतो. शिवाय कौलवाल्यानं सांधा चालणार नाही म्हणून बजावलेलं होतं. मग डेरेदार तिवईवर चढला आणि दोन्ही हातांनी गळा ताणायला लागला, तर गळा एका अंगाला कलायला लागला. बायको ओरडली, सोडा. गळा रुंद करायचा तर चारी बाजूंनी एकदम, सारखा दाब पाहिजे. तेवढे हात माणसाला नसतात. रांजण फोडून नवा करावा, तर तेवढी माती मळण्यातच महिना संपला असता.

"त्यानं आत घातलंय," डेरेदार म्हणाला, "तोच वेळ झाली की काढेल."

रिकाम्या रांजणात आवाज घुमतो. त्याचं हे वाक्य असं काही गंभीर, खोल होऊन बाहेर पडलं, की रस्त्यानं जाणाऱ्या पोस्टमननं सायकलवरून उतरून टोपी काढली. बायकोवर काही परिणाम झाला नाही. ती म्हणाली, आवाज देवासारखा झाला म्हणून अक्कलही होईल असं नाही.

तरी उपाय शोधला तिनंच. ती म्हणाली, रांजण रुंद होत नाही तर तुम्ही बारीक व्हा. त्या दिवसापासून गळ्यातून दोरीनं उकडलेल्या भाज्यांचं पाणी सोडलं जाऊ लागलं. नुसतं पाणी, भाज्या बाहेरच. डेरेदारानं आयुष्यात पहिल्यांदा जेवण वाटीच्या तळापर्यंत आरपार पाहिलं. त्यानं तक्रार केली नाही. फक्त शेजारी फोडणी पडली की रांजणातून असा एक हुंकार यायचा, की शेजारीण झाकण ठेवून स्वयंपाक करायला लागली.

रोज सकाळी बायको सुतळी आत सोडायची. तो कमरेला गुंडाळायचा, गाठ मारून वर पाठवायचा, ती गळ्याशी ताडून बघायची. आणि इथं नवीनच गोची निघाली. माती वाळते तशी आकसते. डेरेदार दोन बोटं बारीक झाला, तर गळाही दोन बोटं बारीक. तो आणखी उतरला, गळाही उतरला. दोघंही इमानदारीनं रोडावत होते, आणि कुणी कुणाला पुढं जाऊ देत नव्हता. शेवटी तिनं गळ्याला ओल्या पोत्याचा पट्टा बांधला आणि उठता बसता त्यावर पाणी मारत राहिली. त्यानं गळा मऊ राहिला, आकसायचा थांबला. पण खालचा रांजण वाळून भट्टीजोगा झाला, महिना सरत आला, आणि डेरेदार अजूनही डेरेदारच होता. नुसता कातडीनं जरा सैल.

बघायला माणसं यायची. त्यांनी अक्कल शिकवायची आणि आतून एकच उत्तर यायचं, वेळ झाली की होईल. शिंपी म्हणाला, तेल लावा. डॉक्टर म्हणाले, अशा रुग्णाला तपासायला आधी मला आत जावं लागेल, आणि मग आपण दोघंही इथंच. कौलवाला तेवढा फिरकला नाही. तो कारखान्यात बसून दिवस सरताना बघत होता.

असं करता करता तो दिवस आला. दुसऱ्या सकाळी भट्टी पेटली तरच रांजण महिनाअखेर भाजून तयार होणार होता. भट्टी उभ्या रांजणाभोवतीच रचायची होती. विटा आल्या, लाकूड आलं, रांजणाभोवती उंच ढीग लागले. आत माणूस असताना ते काही पेटवता येत नव्हतं, जरी बायकोनं रागाच्या भरात तसं एकदा सुचवलं होतं.

संध्याकाळी लेक शिडीवर चढली. इतके दिवस ती माती तुडवायची, पाणी मारायची, बोलत काहीच नव्हती. आता ती गळ्याशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "बाबा, फोडा तो."

"अगं, वेळ अजून..."

"वेळ गेली, बाबा. लग्न नाही झालं तर नाही झालं. तुम्ही बाहेर या. घरात तुमच्याशिवाय जेवण उरतंय."

ती उतरून गेली. डेरेदार तिवईवर बसला. वर आभाळाचा ताटाएवढा तुकडा दिसत होता आणि त्यातही त्याला ताटच दिसत होतं. त्यानं वर बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा देवाशी भांडला. म्हणाला, छप्पर गळलं तेव्हा मी तुला घाई केली नाही. भट्टी पडली तेव्हाही नाही. स्वतःसाठी मी कधी दार वाजवलं नाही तुझं. पण पोर अशी हळू आवाजात बोलते तेव्हा मला सहन होत नाही. तुझ्या वेळेवर माझा विश्वास आहे रे, पण तुझ्याकडे घड्याळ तरी आहे का? वरून काही उत्तर आलं नाही. या वेळी त्याला तो होकार वाटला नाही.

सकाळी तो उठला, बायकोला म्हणाला, बाजूला हो, फोडतो. ती नेहमीसारखं काहीतरी बोलेल म्हणून तो थांबला. ती काहीच बोलली नाही. तेव्हा त्याला कळलं, की तीसुद्धा इतके दिवस मनातून आशा लावून बसली होती. त्यानं तोच गोल दगड उचलला, भिंत कुठं पातळ आहे ते चाचपलं, हात मागं नेला, आणि शिडी कुरकुरली.

शिडीवर कौलवाला होता.

त्याचं असं झालं, की रात्रभर त्याला चैन पडलं नव्हतं. माणूस उगाच इतके दिवस रांजणात कशाला बसेल? नक्की रांजणाला भेग गेली आहे, आणि हा लबाड आतून हातानं ती दाबून धरून बसलाय, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. ते उघडं पाडायला तो सकाळी सकाळीच मुलाला घेऊन आला. बायको अडवेपर्यंत वर चढलासुद्धा. ओलं पोतं बाजूला केलं, गळ्यात डोकं घातलं. आत अंधार. आणखी घातलं. आणखी. तेवढ्यात शिडी घसरली, आणि कौलवाला पोटापर्यंत गळ्यात जाऊन बुचासारखा बसला. बाहेर दोन पाय हवेत, आत डोकं, आणि डोक्यासमोर दगड उगारलेला कुंभार.

"मारू नका," कौलवाला म्हणाला.

डेरेदारानं दगड खाली ठेवला आणि खुशाली विचारली. उलट्या माणसाला दुसरं काय विचारणार?

बाहेर एकच धावपळ. विटांच्या ढिगावर चढून मुलानं बापाचा एक पाय धरला, लेकीनं दुसरा, आणि दोघं ओढायला लागली. डेरेदाराच्या बायकोनं त्यांना थांबवलं. ती म्हणाली, थांबा, घाई काय आहे. आधी लग्नाला हो म्हणू देत, मग ओढू. मुलाला ही कल्पना बरी वाटली. कौलवाल्याचा चेहरा तोवर पक्क्या कौलाच्या रंगाचा झाला होता. तो काहीही कबूल करायला तयार होता. पण डेरेदार आतून म्हणाला, "नको गं. उलटा असताना दिलेला शब्द माणूस सुलटा झाल्यावर आठवत नाही." आणि त्यानं तिवईवर चढून कौलवाल्याचं डोकं आपल्या दोन्ही तळव्यांत अलगद तोलून धरलं, त्याला जरा आराम पडावा म्हणून.

डोकं धरल्यावर त्याची नजर गळ्याकडे गेली. कौलवाल्याचं पोट गळ्यात गच्च बसलं होतं. चारी बाजूंनी, एकदम, सारखं. कुठं म्हणून फट नव्हती. असं गोल पोट देवानं उगाच घडवलेलं नसतं.  डेरेदार म्हणाला, "अगं, पाणी मार. आणि ह्यांना फिरवा."

बायकोला एका शब्दात सगळं समजलं. तिनं शिडी परत लावली, गळ्यावर पाणी ओतलं, ओले हात काठाला लावले. मुलानं आणि लेकीनं पाय धरले आणि विटांच्या ढिगांवरून रांजणाभोवती चालायला सुरुवात केली. कौलवाला फिरायला लागला. सुरुवातीला करकरत, मग गुळगुळीत. डेरेदार आतून डोकं धरून म्हणायचा, श्वास घ्या, पोट फुगवा, आता सोडा, परत घ्या. कौलवाल्यानं आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, पण आता ऐकत होता. प्रत्येक श्वासाला गळा केसभर रुंद होत होता, आणि बाहेरून बायकोचे हात काठाला आकार देत होते. ती काहीच बोलत नव्हती. डेरेदाराला नंतर लोकांनी विचारलं, की सगळ्यात मोठं आश्चर्य कोणतं, तर तो हेच सांगायचा.

आणखी एक फेरा झाला, आणखी एक, आणि अचानक कौलवाला सळकन आत गेला. तिवई मोडली. बाहेर मुलाच्या हातात नुसती एक चप्पल राहिली.

"अहो," बायकोनं विचारलं, "आता दोघं आहात का?"

आत दोघं एकमेकांवर पडले होते. कौलवाला उठला, अंग झटकलं, टोपी शोधली. आणि उठताना आधाराला म्हणून भिंतीला लावलेला हात त्याला परत काढवेना. कितीही झालं तरी जन्म मातीत गेलेला. त्यानं भिंत वरून खाली चाचपली, वाकून तळ बघितला, बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकला. कुठं सांधा नाही, भेग नाही. तो हळूच म्हणाला, "हे कसं केलंत?"

"भांडत," डेरेदार म्हणाला.

कौलवाल्यानं भिंतीवरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग म्हणाला, की तुम्ही दगड उगारला होता तो रांजणावर. माझ्या अटीपायी फोडणार होतात. आणि मी यायला थोडा उशीर केला असता तर...  डेरेदारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर बघून म्हणाला, घड्याळ आहे त्याच्याकडे. मीच काल उगाच बोललो.

मग तो वाकला, कौलवाला त्याच्या खांद्यावर चढून बाहेर पडला, आणि वरून दोरी सोडून सगळ्यांनी डेरेदाराला ओढून काढलं. गळा आता कौलवाल्याच्या मापाचा होता. डेरेदार सैल झालेला. काठाला धक्काही न लावता बाहेर आला. बाहेर येऊन त्यानं पहिली गोष्ट काय केली ते सांगत नाही. शेजारणीच्या पातेल्याचं झाकण मात्र अजून सापडलेलं नाही.

भट्टी त्याच सकाळी पेटली, आधी ओला गळा वाळेपर्यंत मंद आचेवर. थंड झाल्यावर विटा काढल्या, तर आतून लालबुंद रांजण निघाला. टिचकी मारली तर असा वाजायचा, की लांब शाळेतली मुलं सुट्टी झाली म्हणून दप्तरं उचलायची. महिनाअखेर उजाडली. ओंडक्यांवरून ढकलत ढकलत सगळ्या रस्त्यानं मिळून तो कौलवाल्याच्या घरापर्यंत नेला, आणि फाटकाशी येऊन सगळे थांबले.

रांजण रुंद होता. फाटक अरुंद.

अट अंगणात उभा करायची होती, फाटकाबाहेर नाही. डेरेदारानं रांजणाकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. उंबऱ्यापर्यंत आणून देवानं हे काय मांडलंय म्हणून तो कपाळाला हात लावून बसला. लेक मुलाकडे बघत होती, मुलगा बापाकडे. आणि कौलवाला? तो फाटकाच्या पायरीवर शांतपणे मांडी घालून बसला होता. आभाळाकडे बघत होता. म्हणाला, "घाबरू नका, व्याहीबुवा. त्याची वेळ झाली की वाट निघेल. आपण फक्त थांबायचं."

डेरेदाराला हे एकदम पटलं. तोही शेजारी बसला. दोघं व्याही खांद्याला खांदा लावून वर बघायला लागले.

डेरेदाराच्या बायकोनं त्या दोघांकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग ती कारखान्यात गेली आणि एक लांब लोखंडी पहार घेऊन आली. पदर खोचला आणि फाटकाच्या खांबाच्या बुंध्याशी पहार घातली.

"अगं, हे काय," डेरेदार म्हणाला, "देवावर थोडा विश्वास ठेव."

"ठेवलाय," ती म्हणाली. "त्यानंच पाठवलंय मला. उठा, पाय काढा दोघांनी मधून, खांब पडतोय."